दिवेआगरच्या वाडीतला हायड्रोजन

उरण

एका कंपनीच्या माहितीपत्रकात आमच्या जिल्ह्याला ‘दुर्गम’ म्हटलं होतं. ‘रायगडच्या दुर्गम किनारपट्टीत नैसर्गिक हायड्रोजनच्या शोधाला मोठा वाव’ असं ते वाक्य. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती अंगणात सुकट निवडत बसली होती.

“दुर्गम म्हंजे काय गो?”

“जिथं पोचायला फार त्रास होतो अशी जागा.”

आईनं रस्त्याकडे पाहिलं. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग नेहमीसारखी आमच्या फाट्यापर्यंत आली होती. “मंग हे सगले कसे पोचले?” असं विचारून ती पुन्हा सुकटीकडे वळली.

त्या एका प्रश्नावर मी अख्खं पत्रक लिहिलं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. हायड्रोजन जाळला की धूर होत नाही, नुसतं पाणी होतं. आजवर तो कारखान्यात बनवत आले, पुष्कळ इंधन नाहीतर वीज खर्चून. पण जमिनीच्या पोटात तो आपला आपणही तयार होतो. खोल गेलेलं पाणी लोहानं भरलेल्या खडकाला भिडलं की खडक आतल्या आत गंजतो म्हणा ना, आणि हायड्रोजन सुटतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोह आहेच. म्हणून आता कंपन्या असले दगड हुंगत फिरू लागल्यात. त्यातली एक आमच्या दक्षिणेला, म्हसळा-दिवेआगरच्या बाजूला येऊन ठेपली होती.

वायूबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार माणसांबद्दल होती. आमच्याकडे मिठागरं होती, तिथं आता गोदामं आहेत. दर वेळी आधी एक गुळगुळीत माहितीपत्रक आलं, त्यावर हसणारी माणसं होती, आणि ती माणसं आमच्या गावातली कधीच नव्हती. मी ज्या संघटनेत काम करते तिचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक गळका माठ आणि पत्रकांचे गठ्ठे. लिहायला मी तिथंच शिकले: पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे एकही ‘कदाचित’ नाही. या खेपेचा मथळा होता, ‘पोटातला वायू आमचा, नफा कुणाचा?’ पत्रक एकाच बाजूनं छापलं. दोन्ही बाजूंनी छापणं आम्हाला झेपत नाही. पाठ कोरी.

दिवेआगरात एक दलाल घरोघरी फिरून नारळ-सुपारीच्या वाड्यांचे करार करून घेतोय, असं कानावर आलं होतं. मी गठ्ठा उचलला आणि निघाले. आई दारापर्यंत आली. “जा. पन जरा गप बसून आयक. तू बोलाया लागलीस का समोरच्याला जागाच उरत नाय.”

पेणच्या आधी एसटीत एक मावशी बोंबलांची पाटी घेऊन चढली. गाडीनं गचका दिला आणि पाटीतलं बर्फाचं पाणी सगळं माझ्या गठ्ठ्यावर. मावशी मलाच ओरडली, “कागद कशाला ठेवतेस मासळीच्या वाटंत?” त्यामुळे पुढच्या प्रवासात माझी चळवळ दुरून ओळखू येत होती.

पेणला उतरून मी वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घेतला. थंडीचे दिवस होते. आमच्या उत्तर रायगडात या दिवसांत, शेंगा या पाल्यात घालून मडक्यात भाजायची पोपटी लावल्याशिवाय कुणी राहत नाही, आणि पाहुणी जाताना हात हलवत जाणं बरं दिसत नाही.

म्हसळा

म्हसळ्याला माझ्या संघटनेतल्या शबानाचं माहेर. तिचे वडील हसनचाचा आखातात तेल आणि वायूच्या विहिरी खणणाऱ्या यंत्रांवर आयुष्य काढून परत आलेत. घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवतात.

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी नाकाशी नेलं. “बोंबील हाय हा. वायू कुठाय?”

मग मला बसवलं. “आदी जेव, बेटा. उपाशी माणसाला धंद्याची गोष्ट समजत नाय.”

तांदळाची रोटी, कोलंबीचं कालवण, आणि मग चाचीनं वाफवलेलं सांदण. आमच्याकडे गोडाचा घास सणाला. इथं चाचीनं नारळाच्या दुधातलं सांदण अशा सहजपणे वाढलं, जणू काही ते पाणीच. तिसरा तुकडा ताटात पडल्यावर मी विचारलं, “चाचा, इथं वायू सापडला तर गावाचं भलं होईल का?”

“सापडणं म्हंजे निकाह ठरल्यासारखं. संसार पुढंच हाय.” ते बोटांवर मोजू लागले. किती निघतो? शुद्ध निघतो का? त्याच्यावर दगडाचं झाकण हाय का, का आपला उडून चाललाय? आणि सगळ्यात मोठा सवाल, विकणार कुणाला? “हा सगळ्यात हलका गॅस, पोरी. दाबून भरायचा तर बाटला जाड लागतो. ट्रक निघतो तो लोखंड भरून, गॅस त्याच्यात नावाला. घाट चढेपर्यंत डिझेलचा खर्चा गॅसच्या डोक्यावर.”

“मग पाइपलाइन?”

“पाइप टाकायचा तर गॅस पुष्कळ हाय असं दाखवाया लागतं. दाखवायचा तर भोकं पाडाया लागतात. भोकांना पैसा लागतो, आणि पैसेवाला विचारतो, जमीन कुठाय? म्हनून आदी काय? तुमच्या सह्या.” त्यांनी माझ्या पत्रकावर बोट आपटलं. “पयला माल गॅस नाय. पयला माल करार. गॅस निघो न निघो, करार दाखवून कंपनीची किंमत वाढते. हे लिहिलंस का?”

नव्हतं लिहिलं. तेव्हाच्या तेव्हा लिहावंसं वाटलं.

“आनि एक ध्यानात ठेव,” चाचा उठता उठता म्हणाले, “खाली हायड्रोजन-बियड्रोजन काय नाय. तेल हाय. माझं नाक चुकत नाय.”

चाची आतून म्हणाली, “कालच दूध करपलं ते कळलं नाय ह्या नाकाला.”

दिवेआगर

बोर्लीहून रिक्षानं उतरले तेव्हा ऊन कलत आलं होतं. दिवेआगरची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या, मधून लाल मातीचा रस्ता, पाटाच्या पाण्याचा आवाज. पूर्वी मी आले होते तेव्हा हा रस्ता सावलीचा बोगदा होता. २०२०च्या वादळानं तो बोगदा फोडला. आता मधेमधे लख्ख आभाळ दिसतं, आणि आभाळाखाली माणसापेक्षा जरा उंच अशा नव्या पोफळी, रांगेत.

मी उतरले ते सुमनकाकींच्या घरी. काकी साठीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र पार समुद्रापर्यंत जाणारा. पुढच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. त्यांचा मुलगा महेश मुंबईतली नोकरी सुटल्यावर घरी आलेला, तिशीतला. दुसऱ्या खोलीत कोण उतरलंय ते मला जेवणाच्या पाटावर कळलं.

“ह्या डॉक्टरीणबाई,” काकी म्हणाल्या. “पण गुडघ्याचं काय इचारू नको. ह्यांना निस्तं दगडाचं समजतं.”

“खरंय,” ती बाई हसली. “सकाळपासून तिघांनी ब्लडप्रेशर विचारलंय.”

ही नीरजा. नागपूरची, भूगर्भशास्त्राची डॉक्टर, आणि त्याच कंपनीची! ज्या शत्रूविरुद्ध मी गठ्ठा वाहून आणला तो माझ्याच पंगतीला बसून वालाचं बिरडं ओरपत होता. मी सरळ पत्रक तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं हात पुसले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

“यात ‘कदाचित’ एकदाही नाही,” ती म्हणाली.

“हवं होतं का?”

“माझ्या अहवालात प्रत्येक ओळीत असतं.”

मला राग आला. मी आखातातून आलेल्या चाचांच्या तेलाचं काढलं. ती शांतपणे म्हणाली, “चाचांना आखाताची सवय आहे. तेल होतं गाळात दबलेल्या जीवांपासून. इथं आपल्या खाली मैलभर गोठलेला लाव्हा आहे. तेलाचं नाव काढू नका, पण हायड्रोजन असू शकतो.”

“आणि परवडेल?”

“मला माहीत नाही. कंपनीलाही नाही.” तिनं भाताचा घास थांबवला. “दलालाला मात्र माहीत आहे असं दिसतंय.”

शत्रू असं बोलला की माझ्यासारखीची पंचाईत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागून वाडीत गेले. ती एक लोखंडी सळई हातोड्यानं जमिनीत ठोकते, त्या भोकात नळी सोडते आणि नळी एका पेटीला जोडते. पेटीवर आकडे पळतात. काकी त्याला हुंगायचं यंत्र म्हणतात. वाडीच्या टोकाला, ओहोळाच्या बाजूला, जरा उंचवट्याची मोकळी जागा आहे. तिथं नळी गेली आणि आकडा टुणकन वर चढला. आसपासच्या गावांत कुठंच एवढा आकडा नव्हता म्हणे. म्हणूनच दलाल सगळ्यांत जास्त चकरा काकींकडे मारत होता.

तो आलाच तेवढ्यात, पांढऱ्या गाडीतून. अत्तराचा वास पुढे, माणूस मागे.

“काकी, तुमचं नशीब उघडलं! बोला, कधी करायची सही? परवा समाजमंदिरात बैठक आहे, त्याच्या आत करून टाकू. पहिली वाडी तुमची. बाकीचे मागोमाग येतील.”

“आनि यंत्राची गाडी आत कशी येनार?” काकींनी विचारलं.

दलालानं नव्या पोफळींच्या रांगांकडे हात केला, माशी हाकलावी तसा. “ही रोपं काढावी लागतील. रोपांचं काय एवढं!”

आता रोपांचं काय एवढं ते सांगते, कारण हे ज्याला कळलं नाही त्याला पुढचं कळणार नाही. वादळात काकींच्या वाडीत उभं झाड नावाला उरलं नव्हतं. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी, नवऱ्यानं लावलेले नारळ, सगळं आडवं. नवरा त्याआधीच गेलेला. काकींनी परत श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपं लावली, आणि तेव्हापासून रोज शिंपण. पोफळ काही भाजी नव्हे, की आज पेरली आणि दीड महिन्यात खुडली. वर्षांमागून वर्षं तिला पाणी पाजायचं, आणि ती नुसती उभी राहते. या वर्षी पहिल्यांदा दोन-तीन झाडांना पोय फुटली होती. म्हणजे फुलोऱ्याचं वेष्टण. काकी मला ती दाखवताना बोट लावत नव्हत्या, नुसतं लांबून दाखवत होत्या.

वाडी काकींच्या नावावर. सही त्यांचीच लागणार होती. महेशला ती हवी होती.

“ताई, तुम्ही पत्रकं वाटून उद्या जाल,” तो मला म्हणाला. “मी रोज पाणी शिंपतो. पंप मी चालवतो. शेजारचे बंगले बांधून भाड्यानं देतात, आणि मी झाडाला कधी पोय येते ते बघत बसलोय. करार केला तर निदान घरात काहीतरी येईल.”

मी तोंड उघडलं, मिठागरं, गोदामं, सगळं जिभेवर आलं. आणि आई आठवली. गप्प बसले. कारण त्याचं खोटं नव्हतं.

काकी रात्रीच्या तांदळात हात फिरवत म्हणाल्या, “त्याचंबी बरोबर हाय. पोरानं किती शिंपायचं?” त्यावरून मला कळलं की त्या सही करणार.

पोपटी

पुढच्या संध्याकाळी नीरजा आकडे पाठवायला बोर्लीला गेली होती. माझ्या वालाच्या शेंगा सुकायला लागल्या होत्या, म्हणून मी पोपटीचं काढलं.

दक्षिणेकडच्या या गावात पोपटी लावत नाहीत. “खाल्लीय अलिबागला एकदा,” महेश म्हणाला, “पण करतात कशी ते ठाऊक नाय.” मग काय, शिकवायला मला फार आवडतं. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा-मीठ, मधे बटाटे आणि अंडी, पुन्हा शेंगा, तोंड पाल्यानं घट्ट बंद, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी घालायचं नाही. आतल्या वाफेवर सगळं शिजतं. काकींना ते उलटं मडकं काही पटत नव्हतं. “तुमच्याकडं सगळंच उलटं का गो?”

मी जागा शोधत वाडीच्या टोकाला त्या उंचवट्यावर गेले. मोकळी जागा, झाडांपासून लांब, वारा मोकळा. मडकं ठेवलं, पेंढा रचला, काडी काढली.

“अगो तिथं नको!” काकींचा आवाज समुद्रापर्यंत गेला. “उठव ते! तिथं झाडं हायत!”

मी इकडंतिकडं पाहिलं. गवत होतं. “कुठली झाडं?”

“खाली. वादळातली. पुरलीत ती.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. पडलेल्या माडांचे आणि पोफळींचे ओंडके तसेच राहिले की त्यात भुंगा अंडी घालतो. मोठा, शिंगवाला भुंगा, तो पुढे नव्या रोपांचे कोंभ पोखरतो. जाळावेत तर ओले, पेटेनात. आणि काकींना सासऱ्यांची झाडं जाळवतही नव्हती. मग महेशनं जेसीबी आणून टोकाला मोठा खड्डा केला आणि सगळं आत लोटून वर माती ओढली. दोन वर्षांनी तिथं पालापाचोळा पेटवला तर मातीच्या भेगांतून निळी ज्योत फुरफुरली. तेव्हापासून काकी तिथं विस्तव नेऊ देत नाहीत.

मी आणि महेशनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला असावा. बंद मातीखाली ओलं लाकूड वर्षानुवर्षं कुजतंय. हुंगायच्या यंत्राला वास लागला होता तो पृथ्वीच्या पोटाचा नव्हता, सासऱ्यांच्या पोफळींचा होता.

“आई, हे कुनाला बोलायचं नाय,” महेश म्हणाला. “सही होईपर्यंत तरी.”

आणि मी काय म्हणाले असेन? मीही म्हणाले, “बोलू नका!” माझ्या डोळ्यांपुढं नवं पत्रक उभं होतं: ‘हायड्रोजन शोधायला आले, नारळाचे ओंडके उपसून गेले!’ होऊ दे त्यांचं भोक पाडून. हसू दे सगळा जिल्हा.

काकींनी कंबरेवर हात ठेवले. “तुम्ही दोघं एका मापाची. ह्याला भाडं पायजे, तुला हसायला पायजे. झाडं कुनाची जाणार? माझी. एकदा मेलेल्यांना पुरलं, आता जित्यांना उपटू?”

“आई, पण कंपनी...”

“कंपनी म्हंजे कोन? माझ्या घरात जेवते ती पोरगी. तिला वाढताना मी तिच्या तोंडाकडं कशी बघू?”

महेश ओहोळाकडे तोंड करून उभा राहिला. या सगळ्या भांडणात पोपटी घराजवळच्या मोकळ्या जागी जाळावर चढली आणि विसरली. खालच्या शेंगा कोळसा झाल्या. वरच्या खाल्ल्या. खाता खाता काकी म्हणाल्या, “चव चांगली हाय. पण मडकं सरळ ठेवलंस तर आजून बरी होईल.”

घावणे

सकाळी नीरजा पाटावर बसली. काकींनी घावणा वाढला, वर खोबऱ्याचा चव आणि गूळ घातला, आणि म्हणाल्या, “बाई, तुमचा गॅस आमच्या पोफळींचा हाय.” मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी आणि महेश चोरासारखे दारात.

नीरजा उखडेल असं वाटलं होतं. तिनं घावणा खाली ठेवला आणि टाळी वाजवली. “म्हणून मिथेन! काकी, मला हायड्रोजनबरोबर मिथेन दिसत होता, तो तिथं असायचं कारण नव्हतं. कुजताना दोन्ही सुटतात. मी खोल नळी घालून पुन्हा तपासणार होते, अहवालात तसं लिहिलंय. पण दलालाच्या हातात नुसता पहिला आकडा पडला, आणि तो घेऊन पळाला.”

“रागावला न्हाय?”

“मी? चुकीच्या जागी भोक पाडण्यापेक्षा हा घावणा स्वस्त पडला.” मग ती गंभीर झाली. “गावात आणखी कुणी पुरलीत?”

काकींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “कुनी न्हाय पुरली ते इचारा.”

समाजमंदिर

बैठकीला सगळा गाव. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष भिंतीला टेकून. दलालानं बाटलीबंद पाणी वाटलं. बोलायला उभा राहिला. देशाचं भवितव्य, स्वच्छ इंधन, दुर्गम भागाचा विकास. तो शब्द आला आणि माझं रक्त उसळलं, मी उठणार होते. पण माझ्याआधी महेश उठला.

“खड्डा मी केला,” तो म्हणाला. “आमच्या वाडीतला आकडा खोटा हाय. म्हंजे यंत्र खोटं नाय. खाली आमची पडलेली झाडं हायत. सही होनार नाय.”

दलाल हसला. “अरे बाबा, कंपनीला हे कळायचं काय कारण?”

“कंपनी आमच्याकडं नाश्ता करते,” महेश म्हणाला, आणि हशा पिकला. नीरजानं मागून हात वर केला.

मग जे झालं ते मी कुठल्याही सभेत पाहिलेलं नाही. भिंतीजवळचा एक जण उठला. “आमच्यातबी पुरलीत. विहिरीच्या मागं.” सतरंजीवरून एक बाई, “आमच्या घराच्या वरल्या अंगाला.” मग एकेक करून उठत गेले. यातल्या कितीतरी घरांत दलालाच्या चकरा चालू होत्या, आशा होती, पोरांना सांगून झालं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं. आपापल्या तोंडानं आपापला सौदा मोडत होते, आणि वर एकमेकांना चिडवत होते. “तुझ्या खड्ड्यात माझे दोन माड हायत, त्यांचा वायू माझा!”

मी पत्रकांत ‘आमची स्वाभिमानी जनता’ असं कितीदा लिहिलंय. त्या दिवशी ती पाहिली.

“मग इथं खरा गॅस न्हायच का?” मागून एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं.

नीरजा पुढे आली. म्हणाली, गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या काळ्या दगडात, जिथं वाडी नाही आणि खड्डाही नाही, तिथंही आकडा लागलाय. बारीक. मिथेन नाही. “असेल कदाचित. नसेल कदाचित. असला तरी इथून उचलून दूर नेऊन विकणं परवडेल असं मला वाटत नाही.”

“न्यायचा कशाला पन?” म्हातारा म्हणाला. “त्याच्यावर बर्फ होईल का?”

“वीज होईल. विजेवर बर्फ.”

“मंग इथंच ठेवा की. बर्फ आनायला आम्ही किती लांब जातो ते इचारा. पंपाला वीज, सुपारी सुकवायला ऊब. येवढं भागलं आनि उरला तर मंग न्या तुमच्या बाटल्यात.”

नीरजा मान हलवू लागली, हळूहळू. “लहान विहीर, जवळचं गिऱ्हाईक, वाहतूक नाही. हे जमू शकतं. मोठ्या कंपनीला आवडणार नाही. पण जमू शकतं... कदाचित.”

तो शब्द पहिल्यांदा मला आवडला. आणि जे माझ्या पत्रकाला नेमकं मांडता आलं नव्हतं ते लख्ख दिसलं: दुर्गम ही जागा नसते. विकत घेणारा कुठं बसलाय तिथून मोजलेलं ते अंतर असतं. जो बर्फासाठी पहाटे बोर्लीच्याही पार पुढे टेम्पो पिटाळतो त्याच्यासाठी तो डोंगर दुर्गम नाही, उशाशी आहे. धंदा परवडतो की नाही हे विचारायचं, तर कुणाला परवडतो हे आधी विचारा.

ठराव त्यांनीच केला, त्यांच्याच शब्दांत. खोल तपासणी झाल्याशिवाय एकही सही नाही. वाड्यांत यंत्र नाही. डोंगरात काही निघालं तर पहिला हक्क गावाच्या वापराचा. मला ‘हे लिहून घ्या’ एवढंही म्हणायची वेळ आली नाही. दलाल उरलेलं बाटलीबंद पाणी गाडीत भरत होता.

पाठकोऱ्या

निघायच्या दिवशी नीरजा म्हणाली, पुढचं पथक येईल तेव्हा त्यांना पुरलेल्या जागा कळायला हव्यात, खूण करून ठेवा. काठ्या मिळाल्या. कागद?

काकींनी माझ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “ह्याची पाठ कोरी हाय की.”

काय सांगू! रात्री जागून लिहिलेलं पत्रक, पुढच्या बाजूला माझे सगळे ठणठणीत प्रश्न, आणि अख्खं गाव ते पालथं घालून पाठीवर लिहायला बसलं. बोंबलाच्या वासानं मांजरं गोळा झाली. कुणी लिहिलं ‘आजोबांचे माड’. कुणी ‘इथं लय झाडं’. एका पोरीनं पोफळीचं चित्रच काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कागद काठ्यांना बांधले, आणि वाडीवाडीतून उभे राहिले.

काकींनी पेन घट्ट धरून, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: ‘इथं आमच्या पोफळी निजल्यात. वायू त्यांचा हाय. उठवू नये.’ काठी महेशनं ठोकली, आणि ठोकून झाल्यावर न सांगता पंप सुरू करायला गेला. नव्या रांगांतून पाणी धावलं.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, “सापडलं का दुर्गम?”

“नाही,” मी म्हटलं. “रस्ताभर शोधलं.”

काकींकडून मी तसाच एक कागद मागून आणला, त्यांच्याच हातानं पुन्हा लिहिलेला. तो ऑफिसात टेबलाच्या वर भिंतीला लावलाय. येणारे-जाणारे थांबतात, मागचा मथळा आरपार दिसतो तो वाचायचा प्रयत्न करतात, आणि विचारतात, पत्रक उलटं का लावलंय?

मी सांगते, सुलट बाजू हीच आहे.